मी रडले नव्हते

जळगाव, मंगळवार संध्याकाळ

वाचनकक्ष तळमजल्यावर आणायचा ठराव आज एकदाचा मंजूर झाला. आनंद व्हायला हवा. पण मी रडले नव्हते.

दोन वर्षं वाचनालयाच्या प्रत्येक सभेत मी सांगत होते: जिना उभा आहे, कठडा हलतो, म्हातारी माणसं येईनाशी झाली आहेत. अध्यक्षांची खोली वर न्या, पुस्तकं खाली आणा. मंडळी चिवडा खात राहिली.

आज शेजारची सुमन उठली. मला विचारलंसुद्धा नाही. "आपल्या अक्का या जिन्यावरून पडल्या," ती म्हणाली. "पायरीवर बसून लहान मुलीसारख्या रडल्या. म्हणाल्या, सुमन, माझं वाचन संपलं गं."

चिवडा थांबला. कोणीतरी नाक पुसलं.

पडले हे खरं. पण रडले कुठे? जिन्याला शिव्या घातल्या, त्याही इंग्रजीतून.

अध्यक्ष नानांना खोली सोडायची नव्हती. ते माझ्याकडे वळले. "अक्का, तुम्ही अन् रडल्या? खरं सांगा."

धुळ्याच्या कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोललं की सिस्टर गुडघ्यांवर उभं करायच्या. तेच गुडघे आता जिना चढत नाहीत.

"रडले," मी म्हटलं. "लेखी हवंय का?"

भराभर हात वर झाले. नुसता मोडका जिना पुरला नाही यांना, माझे अश्रू लागले.

परत येताना सुमनला झापलं, "पुढच्या वेळी मला विचारून रडव."

"विचारलं असतं तर रडू दिलं असतं का, अक्का?"

नसतं. आणि पुस्तकं वरच राहिली असती.