दोन तास पस्तीस मिनिटं

१२ ऑक्टो., रवि.
पोलिसांना फोन मी केला. गाडीचा नंबर, रंग, मांडवीहून येणारा रस्ता, सगळं नीट सांगितलं. जन्मभर कोर्टात स्टेनो होते, तपशील चुकत नाहीत. नवरा आहे हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

वसंता दर रविवारी दुपारी मित्राकडे ढोसतो आणि ऐटीत गाडी चालवत घरी येतो. मे महिन्यात सुलभा मासेवालीला उडवलं. तिचा उजवा हात अजून वर होत नाही. तेव्हा म्हणाला, "बाई मध्येच आली." गाडीच्या दिव्याची काच फुटली, त्याचं सुतक मात्र आठवडाभर.

आज नळीत फुंकायला नकार दिला म्हणे. "मी रिटायर्ड कार्यकारी अभियंता आहे, फुगेवाला नाही!" तोंडाला वास आणि वर नकार. अटकेला आणखी काय लागतं? गाढव.

१३, सोम.
काल संध्याकाळी जामिनावर आणला. लायसन्स पोलिसांकडेच, निलंबनासाठी पाठवणार.
"कुणीतरी चुगली केली गं. सापडू दे मेला."
"सापडेल हो. चहा घ्या."

७ नोव्हें., शुक्र.
परिवहन कार्यालयाची नोटीस. लायसन्स का निलंबित करू नये? गुरुवारी येऊन म्हणणं मांडा.
"वकील कशाला? घरात कॉन्व्हेंटचं इंग्रजी आहे. तू लिही."
हेच इंग्रजी चारचौघांत बोलले की, "पुरे, मडमबाई."

नोटिशीसोबत आलेले पोलिसांचे कागद पाहिले. अटक २.२०. रक्त घेतलं ४.५५. डॉक्टर जेवायला गेलेले. दारूच्या अटकेत दोन तासांत वैद्यकीय तपासणी नाही झाली, तर माणसाला सोडावं लागतं. म्हणजे ४.२० ला सोडायला हवा होता. फुंकलंच नाही, त्यामुळे सगळी भिस्त त्या रक्तावर. हा मुद्दा लिहिला तर सुटेलही. लायसन्स परत. रविवार परत.

त्याने कागद उघडलेसुद्धा नाहीत. चष्मा शोधायचा कंटाळा.

९, रवि.
सुलभा दारात. सुरी आता डाव्या हातात, बांगड्याचे तुकडे वाकडे.
"सायेब गाडी नाय काढीत?"
"नाही."
"बरा झाला," म्हणाली आणि जीभ चावली.

दुपारी दीड पान लिहिलं. वय, सेवा, रक्तदाब, पश्चात्ताप. भरजरी इंग्रजी, आत भुसा. वाचून दाखवलं, तर त्याचे डोळे भरले. "काय सुंदर लिहिलंयस गं." बेचाळीस वर्षांतली पहिली शाबासकी. चुकीच्या कागदाला.
"काही राहिलं नाही ना?"
"नाही हो. सही करा."

१३, गुरु.
गाडी मी नेली. माझं लायसन्स वेळच्या वेळी रिन्यू होतं आणि कपाटात झोपतं, कारण "तुला रिव्हर्स जमत नाही". डावीकडे बसून हा पायाने नसलेला ब्रेक दाबत होता.

अधिकारी तरुण बाई. माझं दीड पान न वाचताच बाजूला ठेवलं. पोलिसांचे कागद ओळीओळीने वाचू लागली. एका ओळीवर बोट थांबलं. मागचं पान उलटलं, पुन्हा पुढे आली.
"साहेब, अटक नक्की किती वाजता झाली? आणि दवाखान्यात कधी नेलं?"
वसंता माझ्याकडे पाहून हसला. लाडाने.
"हिला विचारा, मॅडम. वेळा हिच्या पक्क्या लक्षात असतात."

मी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. निर्णय पोस्टाने येईल.
निघताना गाडी रिव्हर्स घेतली. एका झटक्यात.