आधी पंखा, मग दादा

३ मार्च
चि. ठमीस,
आजीचे अ. उ. आशीर्वाद. तू साफ करून पाठवलेलं दादाचं बोलणं ऐकलं. साफ म्हणजे किती साफ! माणूसच धुऊन निघाला. माझा भाऊ पाण्याच्या टाकीत बसून कुणाशी भांडतोय असं वाटतं. त्याचे सगळे 'स' तू बहुतेक तिकडेच ठेवून घेतलेस.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्याची स्वरपेटी काढली. आता त्याचा आवाज म्हणून एवढंच उरलंय. ते ऐकून त्याने पाटीवर लिहिलं, हा कोण? स्टुडिओत नोकरी करून हेच शिकलीस, शाबास. मूळचं तरी ठेवलंयस, की तेही धुतलंस?

लोभ आहे, तो तरी पुसू नकोस.
तुझी आजी

८ मार्च
ती. आजीस,
शि. सा. न. मूळचं आहे. चूक माझीच, क्रम उलटा झाला. मी आधी सगळंच मोठं केलं, तशी पंख्याची घरघरही मामाआजोबांएवढी झाली. मग ती काढताना त्यांचे शब्दही सोलून निघाले. घरघर आधी काढायची, मोठं करायचं ते सगळ्यात शेवटी.

पण त्यासाठी यंत्राला आधी नुसता पंखा ऐकवावा लागतो. तासाभराच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये तशी जागाच नाही. मामाआजोबा श्वास घ्यायला थांबले की तू बोलतेस! त्याच खोलीत, तोच पंखा आणि रेकॉर्डर लावून अर्धं मिनिट गप्प बसशील का?

रागाव, पण पत्रातून.
तुझी ठमी

१५ मार्च
चि. ठमीस,
आशीर्वाद. म्हणजे खोट माझ्या तोंडात! कापड आधी भिजवून आटवायचं, मग बेतायचं, हे मी दुसरी नापास असून चाळीस वर्षं पाळलं. तुझ्या यंत्रांना आत्ता कळलं.

बसले गप्प. पहिल्या खेपेला दादाला नीट बस म्हणाले, वाया. दुसऱ्यांदा दार वाजलं, कोण आहे म्हणून ओरडले, वाया. तिसऱ्यांदा ओठ घट्ट मिटले. माझं ते थोबाड बघून समोर दादाला हसू फुटलं. खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांना पाणी, घशातून मात्र काही नाही. मीही हसले, तोंडावर हात दाबून.

रेकॉर्डरचं कार्ड पाकिटात घातलंय. अर्धं मिनिट पुरं आहे. आम्ही दोघं त्यात आहोत, पण तुला पंखाच ऐकू येईल. तेवढा खुशाल काढ.

पुन्हा बोलायला मोकळी झालेली,
तुझी आजी