घर घेतलं आहे, पण सहा चाकांचं

तीर्थस्वरूप वहिनींना,

पॉलिशने चिकट झालेल्या हातांनी, पण स्वच्छ मनाने तुमच्या धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? गेल्या पत्रात एकच दुखतो म्हणाला होतात, दुसऱ्याने त्याचं बघून सुरुवात केली नसेल अशी आशा आहे. मुलं अभ्यास करतात ना? करत नसतील तर यापुढे 'काकासारखा होशील' असं सांगून त्यांना घाबरवू नका. ते औषध आता लागू पडणार नाही, कारण काकाचं बरं चाललं आहे. दादाचा राग कसा आहे? (तब्येत वेगळी विचारत नाही. राग शाबूत असला म्हणजे तब्येत ठणठणीतच असणार.) तो जेवायला बसला असेल तर हे पत्र मोठ्याने वाचू नका. तो हात धुऊन उठला तरी वाचू नका. तो कामावर गेला की दाराला कडी लावून वाचा.

बातम्या दोन आहेत, दोन्ही आनंदाच्या. एक, मी घर घेतलं. दोन, मला लग्न करायचं आहे. दुसरी पहिलीतून निघाली, आणि आता दुसरीचं गाडं दादापाशी येऊन अडलं आहे. मुलीच्या वडिलांचं सगळं पटलं आहे, फक्त एकच अट: मुलाकडच्या मोठ्या माणसाने समोर बसून स्वतःच्या तोंडाने 'हो' म्हटलं पाहिजे. पत्र नको, फोन नको, निरोप नको. आता आपल्याकडचं मोठं माणूस दोन वर्षं माझ्याशी एक अक्षर बोललेलं नाही, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? त्या दिवशी दादाची भिंत अर्ध्यावर टाकून, थापी घमेल्यात खोचून मी निघालो, ते चुकलंच माझं. पण मला विटेवर वीट ठेवून जीव रमेना, आणि दादाला विटेशिवाय काही दिसेना. तेव्हा तो ओरडला होता, 'स्वतःचं घर उभं करशील तेव्हा तोंड दाखव!' तर वहिनी, घर उभं आहे. सध्या तरी उभंच आहे. पायाचं मात्र विचारू नका. पाया नाही. टायर आहेत, सहा, त्यातले चार चांगले.

सगळं सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे तुम्हाला चक्कर आली तरी हळूहळू येईल. मी ज्या खोलीत राहत होतो तिथे आम्ही सहा जण आणि कॉट तीन. म्हणजे एका कॉटवर दिवसपाळीचा एक आणि रातपाळीचा एक. माझा जोडीदार बेकरीत कामाला. तो उठायचा आणि मी पडायचो. उशीला कायम ताज्या पावाचा वास. वर्षभर मला स्वप्नं पडली ती फक्त खाण्याची, आणि मी जागा व्हायचो तो भुकेने. माझी अशी जागा म्हणाल तर भिंतीतला एक खिळा. त्याला माझा शर्ट. तोही एकदा चुकून बेकरीवाला घालून गेला. तेव्हाच ठरवलं, चार भिंती आपल्या हव्यात. (चार म्हणालो, पण या घराला मोजायला गेलात तर भिंतींऐवजी छत्तीस खिडक्याच निघतील.)

त्याच सुमारास आमच्या फर्निचरच्या कारखान्याचे मालक एका शाळेच्या लिलावाला निघाले, जुन्या बाकांचं लाकूड घ्यायला. बाक उचलायला मला सोबत नेलं. बाक संपले, काळे फळे संपले, शेवटी लिलाववाला म्हणाला, 'एक बस, जशी आहे तशी.' सगळे घरी जायला उठले. मीही उठलो, पण उठताना बोललो, 'मी घेतो.' किंमत सांगत नाही, एवढंच सांगतो की बाकांना जास्त भाव आला. मालकांनी कपाळाला हात लावला, पण माणूस दिलदार. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत बस लावायला हो म्हणाले. त्यांना वाटलं, मी ती फोडून पत्रा विकणार.

आता खरी गंमत. सोमवारी सकाळी सात वाजता मी बस आणायला गेलो. (लायसन आहे, मोठ्या गाडीचं आहे, खरं आहे. फक्त फोटोतला माणूस माझ्यासारखा दिसत नाही.) बस निघाली ती खोकत, कण्हत. एका कोपऱ्यावर तिने अंग झटकलं म्हणून मी थांबवली, तर दारावर धपाधप थापा. बघतो तो दप्तरं घेतलेली नऊ मुलं रांगेत. काय हवंय ते विचारावं म्हणून मी दाराचा दांडा ओढला. (हे दार ड्रायव्हरच्या जागेवरूनच उघडतं, हे लक्षात ठेवा, तुम्ही याल तेव्हा उपयोगी पडेल.) विचारायला तोंड उघडेपर्यंत नऊच्या नऊ आत, आपापल्या जागेवर. जाड चष्म्याची एक मुलगी माझ्या मागे येऊन बसली आणि म्हणाली, 'काका, चार मिनिटं उशीर झालाय. डावीकडे घ्या.' मी म्हणालो, अगं ही शाळेची बस नाही. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर पत्र्यावर हातभर अक्षरांत काय लिहिलंय त्याच्याकडे पाहिलं, आणि मला वाचता येत नसावं अशा समजुतीने हळू आवाजात म्हणाली, 'आहे, काका.'

मुलांना रस्त्यात उतरवू कसं? घेतली डावीकडे. पुढच्या थांब्यावर सात, त्यापुढे आणखी. एका आईने धावत येऊन खिडकीतून डबा दिला आणि 'याला भाजी संपवायला लावा' म्हणून मलाच ताकीद दिली. मुलं वळणं सांगत होती आणि मी वळत होतो. अशी आज्ञाधारक बस दादाने पाहिली असती तर दोन वर्षांपूर्वीच माफ केलं असतं. शाळेच्या फाटकात मुख्याध्यापिका घड्याळ बघत उभ्या. 'उशीर का झाला?' वहिनी, सहावीतून शाळा सोडून मला बारा वर्षं झाली, पण तो आवाज ऐकला आणि माझे हात आपोआप बांधले गेले. तोंडातून निघालं, 'पोटात दुखत होतं.' मागे सगळी बस हसली.

एवढ्यात मागून हॉर्न वाजवत नवी कोरी बस आली, पूर्ण रिकामी. तिला वाटेत पंक्चर झालं होतं. तिच्यातून ड्रायव्हर उतरली. हो, उतरली. केस घट्ट बांधलेले, हातात पाना. मला वाटलं, आता हा पाना कुठे बसणार. पण तिने आधी मुलं मोजली. एकतीस. पुन्हा मोजली, एकतीस. 'बत्तीस हवीत,' म्हणाली, आणि थेट माझ्या बसमध्ये चढून शेवटच्या बाकाखालून झोपलेला एक जण बाहेर काढला. मग तोंड सुटलं तिचं! मुलं पळवता का, बस तुमच्या बापाची का, अक्कल लिलावात घालून आलात का. (तिची जीभ तुमच्यासारखीच आहे. तुमचं जमेल.) ओरडून दमली तेव्हा तिचा हात बसच्या पोचा आलेल्या पत्र्यावर गेला. सात वर्षं तिने हीच बस चालवली होती. तो पोचा बघूनच मुलं चढली होती. हळूच विचारलं, 'हिला आता कुठे नेताय?' म्हणालो, घरी. 'कुणाच्या?' म्हणालो, हिच्यातच. ती हसली. तेव्हा मला कळलं, आपण नुसती बस घेतलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की ती कारखान्यामागे हजर. मला भेटायला नाही, बसची विचारपूस करायला. चाळीस बाक, एकेकाला चार बोल्ट, सगळे गंजलेले. मी घणाने ठोकायचो, ती 'अहो, ती काय भिंत आहे का!' म्हणून घण काढून घ्यायची आणि तेल घालून दोन बोटांनी बोल्ट फिरवायची. पुढचा एक बाक काढू देईना. म्हणाली, घरात एक तरी जागा अशी हवी जिथून रस्ता दिसतो. ठेवला. मागे पलंग केला, खाली कपाटं, मध्ये भिंतीला मिटणारं टेबल, एका बाजूला ओटा, टपावर पाण्याची टाकी. सुतारकाम असं केलंय की हात फिरवत राहावं. दोष एवढाच की दार बाहेरून उघडत नाही. दोनदा बाहेर अडकलो आणि मागच्या संकटकाळच्या दारातून शिडी लावून स्वतःच्याच घरात चोरासारखा शिरलो. आणि सकाळी दार उघडं ठेवलं की एक म्हातारे गृहस्थ रोज चढून त्या एकुलत्या बाकावर बसतात आणि बाजार आला की सांगा म्हणतात. अर्ध्या तासाने 'आज लवकर आलो' म्हणून उतरतात. बस जागची हललेली नसते. मी चहा देतो. घराला वर्दळ हवीच.

मग तिचे वडील घर बघायला आले. ते गॅरेजवाले, तीस वर्षं इंजिनात डोकं घालून बसलेले. मी पडदे लावले होते, ओटा चकचकीत पुसला होता. त्यांनी आत पाऊल न टाकता बाहेर सतरंजी पसरली आणि बसखाली शिरले. पाऊण तास मुलीच्या वडिलांचे नुसते पाय बघून बोलत होतो. 'पगार किती?' खालून आवाज. मी सांगितला. ठक्‌ ठक्‌. 'दारू?' नाही म्हणालो. ठक्‌. मग ते वर आले, आत फिरले, आणि म्हणाले, 'जमीन सुंदर. पण गिअरबॉक्सचं झाकण कुठंय?' वहिनी, मी माझ्या चकचकीत जमिनीकडे बघितलं. गिअरबॉक्सवर हात घालायला बसच्या जमिनीत एक लोखंडी झाकण होतं. मला ते उंचवटा वाटलं होतं. मी ठोकून सपाट केलं आणि वरून फळ्या अशा जोडल्या की सुई जाणार नाही, वर तीन हात पॉलिश. सुताराला फट दिसली की राहवत नाही, हा आमच्या धंद्याचा रोगच आहे. मी हे सांगितलं. ती शेजारीच उभी होती, तिने डोळे मिटले. वडिलांनी माझ्याच हातात माझीच करवत दिली.

माझ्या हाताने मी माझ्या स्वयंपाकघराच्या मधोमध चौकोन कापला. कापताना डोळ्यांत पाणी आलं, भुशाने असेल. मग वडील डोकं खाली घालून त्यात उतरले ते कमरेपर्यंत दिसेनासे झाले. आम्ही दोघं दोन बाजूंना, मध्ये पुन्हा पायच. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, 'कापलेली कड तासलीस ना रे? कुणाच्या पायात कुसळ जाईल.' आधीच तासली होती, म्हटलं. परत ठक् ठक्. मग म्हणाले, 'पोरगा कामाचा आहे. अक्कल गाडी चालू झाल्यावर येईल.' तिने ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितलं, कारण हा होकार होता. वर आल्यावर हात पुसत त्यांनी ती मोठ्या माणसाची अट घातली आणि तेव्हापासून रोज विचारतात, तुझा भाऊ कधी येतो?

वहिनी, आता सगळं तुमच्या हातात. दादाला कलाकलाने घ्या. आधी 'घर' म्हणा. मग चार दिवसांनी 'चाकं' म्हणा. मुलगी कमावती आहे, हाताची आणि जिभेची तयार आहे. तिच्यासाठी मी दादाची ती अर्धी भिंत पुरी करायलाही तयार आहे. (कुणीतरी केव्हाच केली असेल, म्हणून बोललो.) तुमच्या उत्तराची वाट बघतो, कितीही दिवस लागोत. घाई नाही.

मुलांना पापा, दादाला लांबूनच नमस्कार.

तुमचा, न शिकलेला पण आता रोज शाळेच्या बसमध्ये असणारा,
धाकटा दीर

ता. क. एक छोटं काम आहे. दादाच्या पिशवीतला टेप घेऊन आपली गल्ली रस्त्यापासून दारापर्यंत मोजून ठेवाल का? सगळीकडे नऊ फूट भरली पाहिजे. तारा कितीवर आहेत तेही बघा. टपावर टाकी आहे. कशासाठी, ते दादाला सांगू नका.

ता. क. २. वर घाई नाही लिहिलंय ते खोडायचं राहिलं. तिचे वडील म्हणतात, इंजिन उभं राहिलं की बसतं, चालवायलाच हवं. शाळेला सुट्टी लागली आहे, म्हणून ड्रायव्हरही मोकळी आहे. आज सोमवार, आम्ही तिघं गुरुवारी निघतोय. पत्राला सहा दिवस लागतात, आम्हाला चार. तेव्हा उत्तर पाठवू नका, इथे घ्यायला कुणी नसेल, पत्ताच निघालेला असेल. मोजमाप मात्र कराच. नसेल झालं, तर आम्ही अडकलोय कुठे ते बघायला रस्त्यावर या.

ता. क. ३. दादा रागाने दार लावून आत बसला तर बसू द्या, समजूत काढत बसू नका. ती म्हणते, गल्लीत बस उलटी घातली की आमचं दार बरोबर तुमच्या दाराला लागतं. ती ते वीतभर अंतरावर आणून लावणार आहे. तिला येतं. मग त्याला कामावर जायचं असेल तर आमच्या घरातूनच जावं लागेल, आणि मागच्या दाराला शिडी मी लावलेली नसेल. मधे टेबलापाशी तिचे वडील बसलेले असतील. फक्त त्याला एवढं सांगून ठेवा, की आमच्याकडे चपला पायरीवर काढतात.