काळजाचं पाणी

रहाटणी, मंगळवार

अहो,

सोजराचा नमस्कार. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि सगळ्या गल्लीला ऐकू जातं, म्हणून कागदावर लिहितेय.

मी बरी आहे. आता पाठ टेकता येते. धाप लागत होती ती त्या जुन्या दुखण्यानंच. दोन वर्षांपूर्वी छातीतली कॅन्सरची गाठ काढली, पण तिचे कण हृदयाभोवतीच्या पिशवीत जाऊन बसले. तिथं पाणी साठलं आणि त्याच्या दाबानं हृदयाला नीट फुलताच येईना. सुईनं काढलं सगळं, तांब्याभर तरी निघालं. पुन्हा साठलं तर नळी घालणार आहेत. नाही साठायचं. तुम्ही घोर लावून घेऊ नका.

आपला जयदीप माझ्या उशाशीच असतो. काल त्याचे डोळे लाल दिसले, तर म्हणाला, कंपनीत वेल्डिंगनं झालेत. चार दिवस तो कंपनीत गेलेलाच नाही.

तुम्ही जेवता ना वेळेवर? तांबडी पान्हा चोरत असेल तर माझं जुनं लुगडं खांद्यावर टाकून धार काढा.

एक गंमत सांगते. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हृदयाला पाणी झालंय." मला वाटलं, बाई माझ्या मनातलंच बोलतात. म्हटलं, "व्हय बाई, उदगीरच्या स्टँडवरनं एसटी सुटली तेव्हाच झालं. हे टोपी डोळ्यांवर ओढून उभे होते."

बाई हसल्या. पण त्या दिवशी ऊन कुठं होतं हो?

तुमचीच,
सोजरा