आवाजाखालची जागा

३ मार्च

कापणार नाही म्हणजे नाही! वायरकाकांशी सकाळपासून हुज्जत. काका आमच्या रेडिओ केंद्राची सगळी यंत्रं सांभाळतात, आणि मला सांभाळणं हे आपलं जादा काम आहे असं सगळ्यांना सांगत फिरतात. "ताई, गोष्टीमागचा तो हातपंपाचा आवाज काढा हो. कान किटले." किटू देत! पंप काढला तर गोष्ट अधांतरी लटकेल.

ही रीत माझी, आता केंद्राची झालीय. गोष्ट सांगणाऱ्याच्या घरी गेलं की आधी एक मिनिट सगळ्यांनी तोंड मिटून बसायचं आणि नुसती जागा रेकॉर्ड करायची. घड्याळ, भांडी, रस्ता, जे असेल ते. मग ते बोलण्याखाली अंथरायचं. लोक म्हणतात, तुमच्या गोष्टी शेजारी बसून ऐकल्यासारख्या वाटतात. वाटणारच!

आजची गोष्ट इस्त्रीवाल्या मावशींची. सत्तावीस वर्षं पोटात ठेवलेली. एकच अट, आपण कोण ते कळता कामा नये. मी त्यांचा आवाज इतका घोगरा केला की ऐकून त्याच म्हणाल्या, "हा कोण बाप्या?"

गोष्ट अशी. एक होता वाजवणारा, गावच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला. लाकडाच्या वखारीतली पोरगी त्याचं वाजवणं ऐकायला कुंपणापाशी येऊन उभी राहायची. तिच्या भावाला कळलं. भाऊ आणि आणखी दोघे. भर दुपारी वखारीमागे नेलं, ओंडक्यावर त्याचे हात धरले आणि कुऱ्हाडीच्या पाठीने एकेक बोट ठेचलं. दहाही झाली तेव्हा क्लॅरिनेट तोंडात कोंबून म्हणाले, आता वाजव. मग ओंडक्यांची थप्पी त्याच्या अंगावर ढकलली. गावाला सांगितलं, थप्पी कोसळली. मावशी कपड्यांचं गाठोडं घेऊन कुंपणापलीकडे उभ्या होत्या.

एवढं सांगताना त्यांची इस्त्री एकदाही थांबली नाही. 

५ मार्च

सकाळी आठला लागली. फोन थांबेनात. एकजण नुसता रडला आणि ठेवून दिला.

घरी मात्र वहिनीचा चेहरा पडलेला. "वन्सं, ज्या वखारीचं आपण खातो तिच्यावरच बोलायचं?" दादा वखारीचा ट्रक चालवतो ना. गोष्टीतल्या पोरीचा तो भाऊ आता तिथला मालक. मी म्हटलं, वखारी दहा असतात, नाव घेतलंय का कुणी? दादा मध्ये पडला. "जाऊ दे गं, आमच्या भोंग्याला कोण आवरणार!" भोंगा म्हणजे मी. पाच वर्षांची असल्यापासून.

नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा दोन शब्दही न विचारता या माणसाने माझी ट्रंक उचलून आत ठेवली होती. कार्यक्रमाची धूनसुद्धा त्याचीच. लहानपणी माऊथ ऑर्गनवर वाजवायचा. एक पट्टी मोडकी, त्यामुळे तिसरा सूर भलताच चढा लागायचा. काकांनी केंद्रासाठी ती सुधारून वाजवली, रेडिओवर लागते ती सुधारलेली. दादा मात्र अजून जुनीच घोळवतो. दाढी करताना, नटबोल्ट आवळताना, दातांतून शिट्टी. वहिनी म्हणते, ह्यांची शिट्टी सुरू झाली की समजावं, हात कामात आहेत.

जेवताना म्हणाला, "आवाज ओळखू येत नाही हां अजिबात. पण तो पंप काय झकास वाजलाय गं!" इतकं बरं वाटलं! काकांनी ऐकायला हवं होतं. कान असावा तर असा.

७ मार्च

मावशींचे हात जाळले.

दुपारी तीन माणसं दुकानात शिरली. तोंडं बांधलेली. एकाने दार लावलं, एकाने मागून मान धरली, तिसऱ्याने त्यांचा उजवा हात टेबलावर दाबला आणि त्यांचीच इस्त्री त्यावर ठेवली. मग डावा. त्या ओरडत होत्या तेव्हा समोर पंपावर बायका पाणी भरत होत्या. पंपाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही म्हणतात. खोटं बोलतात! सगळ्या खोटं बोलतात!

कातडी इस्त्रीला चिकटून आली. हॉस्पिटलात नर्सने मला ते तोंडावर सांगितलं, जणू मीच केलंय.

८ मार्च

असा चिरकणारा हातपंप गावात एकच उरलाय. मावशींच्या दारासमोरचा. मी ठेवला. काका काढा म्हणत होते. मी ठेवला!

१० मार्च

चौकीवर गेले. साहेब चहा पीत होते. "तोंडं बांधलेली. बोललं का कुणी?" नाही. "मग बाई, मी पकडू कुणाला? पंपाला?" हवालदार हसला. तो कप त्याच्या तोंडावर मारावासा वाटला. मारला असता तर बरं झालं असतं.

तिथून मावशींकडे. दोन्ही हातांना बँडेजचे गोळे. मी पाया पडायला वाकले तर पायच मागे घेतले. "रडू नकोस. मशीन आण. या वेळी माझ्या आवाजात सांगते, आणि वखारीतल्या त्या तिघांची नावं घेऊन सांगते. आता जाळायला काय उरलंय?"

मग म्हणाल्या, "एक शब्द बोलले नाहीत गं. पण ज्याने माझा हात दाबून धरला होता ना, तो शिट्टी वाजवत होता. तुमच्या रेडिओची धून."

वर आमची थट्टाही करतात! सापडला तर त्याची बोटं मी ठेचीन. लिहून ठेवते. एकेक करून ठेचीन.

१२ मार्च

डावा डोळा सुजलाय, एका डोळ्याने लिहितेय.

मावशींच्या नव्या गोष्टीआधी चार शब्द मी बोलणार होते, केंद्रातूनच. चूक माझी होती हे सांगायला. म्हणून रीतीप्रमाणे आधी खोलीचं एक मिनिट घेत होतो. काका श्वास रोखून बसलेले, रेकॉर्डर टेबलावर. तेवढ्यात दार आत आलं. अख्खं, बिजागऱ्यांसकट. तिघे. तोंडं बांधलेली. एकही बोलला नाही. शहाणे आहेत, आवाज हाच आमचा धंदा आहे हे ठाऊक आहे त्यांना.

एकाने हातोड्याने यंत्रं फोडायला घेतली. काका मध्ये गेले, त्यांच्या कोपराचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. मी एकाच्या मनगटाचा लचका तोडला. तोंडात रक्त आलं, त्याचं की माझं कोण जाणे. मग माझं डोकं टेबलाच्या कडेवर. एकदा. दोनदा. पुढचं नुसतं काच फुटणं आठवतं.

१३ मार्च

कपाळाची पट्टी दादाने बदलली. ट्रकवर गेला नाही आज. कोमट पाण्याने जखम पुसली, इतक्या हलक्या हाताने की मला रडू आलं. मी म्हटलं, ज्याने केलं त्याचा जीव घेईन. तो म्हणाला, "भोंग्या, सोड हे आता. माझं ऐक. पुढच्या वेळी नुसतं डोकं फुटून भागायचं नाही." घाबरलाय माझ्यासाठी. आईविना पोर याने वाढवली, घाबरणारच.

१५ मार्च

रेकॉर्डर सापडला! टेबलावरून उडून कपाटामागे पडला होता. फुटलेला नाही. काका गळ्यात बांधलेला हात सावरत म्हणाले, "ताई, हा चालूच होता. बॅटरी संपेपर्यंत." संध्याकाळपर्यंत त्यांनी माळ्यावरचं जुनं यंत्र एका हाताने जोडून उभं केलं. म्हातारा खमक्या आहे.

१६ मार्च

कानाला लावून ऐकलं. पहिल्यांदा नुसता हातोडा, काच, मी. मग काकांनी हातोडा दाबून खालचं वर काढलं.

अकरा वेळा ऐकलं.

काका भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनीच तर ती धून सुधारली होती. म्हणाले, "साफ करून देतो, ताई. तेवढंच काढतो. कुणाला कळणार नाही."

मी म्हटलं, उद्या आठला लावा. काही कापायचं नाही.

हॉस्पिटलात जाऊन मावशींच्या उशाशी रेडिओ ठेवून आले. घरी जेवले. दादाने ताटात वाढलं तेवढं सगळं जेवले.

१७ मार्च

आठ वाजता दादा खिडकीत आरसा टांगून दाढी करत होता. दातांतून शिट्टी, तिसरा सूर चढा. वहिनीने रेडिओ लावला. दार तुटलं, हातोडा, काच, माझी किंकाळी, आणि त्या सगळ्याखाली शिट्टी, तिसरा सूर चढा. वहिनीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. दादा थांबला. रेडिओतला थांबला नाही.