कोण विनी?

प्रिय ट्रेंट,

पाकीट फोडल्याफोडल्या शेवटचं पान वाचायची तुझी जुनी खोड मला ठाऊक आहे. या वेळी माझं एवढं ऐक, पहिल्यापासून वाच. मला जे ज्या क्रमानं कळलं, त्याच क्रमानं तुला सांगायचंय. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं मला ते सांगताच येणार नाही. वाळवंटातून परत येऊन बरेच दिवस झाले, तरी चहा करताना माझ्या हातून कप निसटतो. काल क्लॅरी आला, फुटक्या कपाचे तुकडे गोळा केले आणि जाता जाता म्हणाला, "नोएलीन, पोराला लिही आता." क्लॅरी उगाच बोलणारा माणूस नाही, तुला माहीत आहे. म्हणून बसले.

इकडे अ‍ॅलिस गावात यंदा थंडी कडक आहे. सकाळी कुत्र्याच्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. तुझी मेजी अजून आहे. ऐकू येत नाही तिला, पण गाडीची घरघर पायांना जाणवते बहुतेक, फाटकाशी जाऊन उभी राहते. तू फोनवर माशांबद्दल, बोटीबद्दल, टास्मानियातल्या पावसाबद्दल बोलतोस आणि मी मेजीबद्दल बोलते. बाबांचं नाव तू काढत नाहीस, मीही नाही. तू गाडी उलटवलीस त्या दिवशी पाहुण्यांच्या देखत ते तुला जे बोलले आणि तू त्यांना जे बोललास, ते दोन्ही मी ऐकलंय. त्यात मला पडायचं नाही. पण हे पत्र बाबांबद्दलच आहे, आणि तुला ते पुरं वाचायचंय.

पाहुण्यांना वाळवंट दाखवायची या मोसमातली आमची ही पहिलीच सफर होती. दोन गाड्या, सहा पाहुणे, आम्ही दोघं आणि दुसरी गाडी चालवायला क्लॅरी. तोच आपला रस्ता: जुन्या अंडाडो वस्तीवरून आत शिरायचं आणि वाळूच्या टेकड्या एकामागून एक ओलांडत पूर्वेला जायचं. पाहुणे बरे होते. अ‍ॅडलेडचे हॅलोरन नवरा-बायको, दोघंही दातांचे डॉक्टर. त्यांचे दोन मित्र. एक तरुण परिचारिका, आपल्याच गावची. आणि विनी. विनी सत्तरीची, उभा जन्म मेलबर्नात ट्राम चालवण्यात घालवलेली. हाडापेरानं मोठी, पायात पुरुषी बूट, आणि जिभेला धार. पहिल्याच दिवशी ती बाबांना म्हणाली, "तुमच्या या रस्त्यावर थांबे नाहीत, घंटा नाही आणि तिकीट मात्र माझ्या महिन्याच्या पेन्शनीएवढं." बाबा खूश. त्यांना अशी माणसं आवडतात. त्या ओसाड वाळवंटात त्यांनी तिच्यासाठी गाडीचा वळणाचा दिवा लावला, थांबले, आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आधी तुमची ट्राम जाऊ द्या." तुला आठवतच असेल, चेहऱ्यावरची रेषही न हलवता थट्टा करायची त्यांची सवय. पाहुणे त्यासाठीच जिवाभावाचे होतात त्यांचे. पुढे जे झालं ते कळायला उशीर झाला, तोही त्याच सवयीमुळे.

काही गोष्टी मला गेल्या वर्षापासून दिसत होत्या. चहाच्या डबड्यात दोनदा साखर पडायची. क्लॅरीला ते त्याच्या वारलेल्या बापाच्या नावानं हाक मारायचे, आणि क्लॅरी मुकाट्यानं ओ द्यायचा. मी म्हणायचे, वय झालं, दमतात. क्लॅरीच्या मनात काय होतं ते त्यानं बोलून दाखवलं नाही, पण तो आपली गाडी नेहमी मागे ठेवायचा, म्हणजे बाबा नजरेसमोर राहत. त्या दिवशी मात्र आदल्या आठवड्यातल्या पावसानं मातीची सपाट मैदानं भुसभुशीत झाली होती आणि वाट चाचपायला क्लॅरीला पुढे जावं लागलं. भांडीकुंडी त्याच्या गाडीत, म्हणून मीही त्याच्याबरोबर. बाबा मागच्या गाडीत.

दुपारचं जेवण आम्ही गिजीच्या झाडांखाली उरकलं. विनी कधी या गाडीत बसायची, कधी त्या. ज्याच्याशी गप्पा अर्ध्या राहिल्या त्याच्या गाडीत. त्यामुळे आम्हाला वाटलं ती मागे आहे, आणि मागच्यांना वाटलं ती आमच्यात आहे. निघायच्या आधी मी रेडिओवर विचारलं, सगळे आले का. बाबांचा आवाज आला, "सगळे आले, चला." तो आवाज इतका नेहमीचा होता की मी पुन्हा विचारलं नाही. त्यांचा नियम तू पाळलेला आहेस: गाडीच्या मागचं फावडं जागेवर नसेल तर कोणीतरी टेकडीआड परसाकडे गेलंय, आणि ते परत आल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. हा नियम त्यांनीच घातला. तुझ्यावर तर दहा वेळा ओरडले असतील त्यावरून.

मुक्कामाला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वळकट्या उतरवल्या, आग पेटवली. बाबा निखाऱ्यात भाजायच्या डँपर पावाचं पीठ मळायला बसले. मी पेले मांडत होते, आणि एक पेला उरला.

मी म्हटलं, विनी कुठाय? मिसेस हॅलोरन म्हणाल्या, तुमच्याबरोबर ना? मग सगळे उभे राहिले. मी बाबांकडे वळले आणि म्हटलं, "मर्व्ह, विनी मागे राहिली."

त्यांनी पिठातून हात वर काढले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण विनी?"

लोक हसले, ट्रेंट. हॅलोरन तर टाळी वाजवून हसला. जिवावर बेतलेल्या वेळीसुद्धा म्हातारा थट्टा करतोय असं त्यांना वाटलं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मी म्हटलं, थट्टा पुरे, ती ट्रामवाली बाई. त्यावर ते अगदी मायेनं, लहान मुलाची समजूत घालावी तसे म्हणाले, "नोएलीन, आपल्याबरोबर अशी कोणी बाई नव्हतीच. दमलीयस तू. बस जरा."

हसणं थांबलं. मी त्यांच्या डोळ्यांत थट्टा शोधत राहिले. इतकी वर्षं संसार केला, ती कुठे दडून बसते ते मला माहीत आहे. ती तिथे नव्हती. तिथे काहीच नव्हतं. ते पुन्हा खाली वाकून पीठ मळायला लागले. 

क्लॅरीनंच सॅटेलाइट फोन लावला. पोलिसांनी सांगितलं, विमान उजाडल्यावरच येईल. पाहुण्यांना परिचारिकेच्या हवाली केलं, आणि आम्ही तिघं एक गाडी घेऊन उलटे फिरलो. बाबांना मागे कोणाच्या भरवशावर ठेवणार? वाटेत ते दोनदा म्हणाले की आपण उलटीकडे चाललोय. मग खिडकीतून बाहेर बघत गुणगुणत बसले. दुपारी वारा सुटला होता, त्यानं आमच्या चाकांच्या खुणा कुठे कुठे बुजवून टाकल्या होत्या. म्हणजे तिनं खुणांमागून चालायचं ठरवलं असेल तर ती मध्येच चुकणार, हे मला कळत होतं आणि क्लॅरीलाही. 

जेवणाच्या जागी पोचलो तेव्हा अंधार पडत होता. फावडं वाळूत उभं खोचलेलं होतं. ती आल्यावर तिनं ते व्यवस्थित खोचून ठेवलं होतं, आम्हाला दिसावं म्हणून. क्लॅरी म्हणाला, अंधारात चालायचं नाही, आपणच तिची पावलं तुडवू. टेकडीच्या माथ्यावर मोठी आग पेटवली, हॉर्न वाजवला. त्या रात्रीबद्दल मी लिहीत नाही. गारठा किती असतो ते तुला माहीत आहे, आणि तिच्या अंगात एक स्वेटर होता.

उजाडता उजाडता बाबा गाडीतून उतरले. मी त्यांना चहा द्यायला गेले, तर ते टेकडीच्या उतारावर गुडघा टेकून बसले होते. पाऊलखुणा बघत होते. पूर्वीसारखाच हाताचा आडोसा करून, वाळूला स्पर्श न करता. त्यांचा चेहरा एकदम पूर्वीचा झाला होता. मला वाटलं, देवा, आले परत.

मग ते क्लॅरीला म्हणाले, "रुसून निघालाय. बूट माझे घातलेत गाढवानं, टाच घसटतेय. पण फार लांब नाही जायचा."

क्लॅरीनं माझ्याकडे पाहिलं. मला अजून उमगलं नव्हतं. बाबा झपझप चालायला लागले आणि आम्ही मागे. वाऱ्यानं पुसलेल्या जागी ते थांबत, डोकं तिरकं करत, आणि दहा पावलांवर पुढची खूण हुडकून काढत. काटेरी गवताच्या झुबक्यातली मोडलेली काडी त्यांना लांबून दिसे. क्लॅरीसुद्धा पुढे झाला नाही, त्यानं त्यांनाच चालू दिलं. दुसरी टेकडी चढताना त्यांनी तोंडाभोवती हात धरून हाक मारली.

"ट्रेंट."

अकरा वर्षांचा होतास तू, अशाच एका मुक्कामावरून रागावून चालता झालास आणि बाबांनी तुला संध्याकाळी शोधून आणलं. आपल्या घरात त्याची गोष्ट कधी कोणी केली नाही. तू विसरलाही असशील. त्या सकाळी बाबा तिथेच होते. मी त्यांच्या मागे चालत होते, मला धाप लागली होती, आणि ते दर टेकडीवरून तुला हाका मारत होते. आधी दरडावून, मग नुसत्या. शेवटी शेवटी त्यांचा आवाज असा झाला की मी कान झाकून घेतले. "ये रे बाळा, नाही रागावत मी." हे शब्द मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते.

पाचव्या टेकडीपलीकडून ओ आली. बाईची.

विनी गवताच्या एका मोठ्या झुबक्याच्या आडोशाला होती. रात्री वाळूत खड्डा करून छातीपर्यंत पुरून घेतलं होतं तिनं स्वतःला. ओठ निळे पडलेले, पण शुद्धीवर. बाबांनी आपला कोट काढला, तिच्या खांद्यांभोवती गुंडाळला, गळ्यापर्यंत बटणं लावली. मग तिच्यासमोर उकिडवे बसले आणि टोपी हातात घेऊन अदबीनं विचारलं, "बाई, एक पोरगा गेला का इकडून? अकरा वर्षांचा आहे. माझा आहे."

विनीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, पण तिला कळलं. जिला आम्ही मरायला सोडून गेलो होतो, ती दातांवर दात आपटत असताना म्हणाली, "गेला की. धडधाकट आहे. आईकडे जातो म्हणाला."

बाबा वाळूत बसले आणि हुंदके देऊन रडले. तू निघून गेलास तेव्हा या माणसानं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. मी ते तुझ्या बाजूनं लक्षात ठेवलं होतं, त्यांच्यावर मनात धरून ठेवलं होतं.

विनी बरी आहे. विमान आलं, दवाखान्यात दोन रात्री ठेवलं. मी पाया पडायचीच बाकी होते. ती म्हणाली, ट्राम चुकली की माणूस पुढचीची वाट बघतो, एवढं काय त्यात.  तक्रार तिनं केली नाही. पण मीच दोन्ही गाड्या विकायला काढल्यात, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून बाबांचा गाडीचा परवाना रद्द झाला. मेंदूचा फोटो काढला, दुखण्याचं नाव सांगितलं. नाव सांगितल्यानं काही हलकं झालं नाही. डॉक्टर म्हणाले, अलीकडचं आधी जातं, जुनं मागाहून. तू उलटवलेली गाडी गेली, ट्रेंट. ते भांडण गेलं. मी हळूच विचारून पाहिलं, त्यांना त्यातलं काही ठाऊक नाही. आता ते एकट्या तुझ्याकडे उरलंय. ते तू टाकावंस असं मी म्हणत नाही, एवढंच सांगते की आता ते तुझ्याशी भांडायला समोर कोणी नाही.

आणि हे लिहायचं कारण असं. रोज संध्याकाळी मी ताटल्या मांडते आणि बाबा विचारतात, पोरगा सापडला ना? मी म्हणते, सापडला. ते मान डोलवतात, काटा उचलतात आणि पुन्हा खाली ठेवतात. म्हणतात, "मग जेवायला का येत नाही?" पहिल्या दिवशी मी म्हटलं हातपाय धुतोय. दुसऱ्या दिवशी म्हटलं मेजीला फिरवतोय. आता माझी उत्तरं संपत आली. तू ये. पण एक आधीच सांगून ठेवते, दारात तुला माझ्यासारखा धक्का बसू नये म्हणून. ते तुला ओळखतीलच असं नाही. दाढी राखलेला एवढा मोठा बाप्या समोर उभा असेल, आणि ते तुझ्या खांद्यावरून पलीकडे, रस्त्याकडे बघत असतील. तरी ये, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून जेव.

तुझीच,
आई