ठणठणीत मुलाची आई

बेकर्स फोर्ड, टेक्सस
१४ सप्टेंबर १९९८

ती. आयडामावशीस,

वेसचा सा. न., शिवाय कान धरून उठाबशा. वि. वि., पत्र लिहायला नऊ दिवस लावले. रोज बसायचो, रोज काहीतरी आडवं यायचं. आधी गाडीचा पट्टा तुटला. पट्टा मिळाला, तर ज्याच्याकडे मिळाला तो मासे तळत होता, आणि तळणाऱ्या माणसाला एकटं सोडून निघणं बरं दिसत नाही. पण ही सगळी सारवासारव. खरं कारण एवढंच की तू दिलेल्या कागदावर सही मिळालेली नाही.

तू सांगितलंस तसा ऑर्लन टेटमच्या आईकडे गेलो. पोराला विषाची सुई टोचून मारायची तारीख लागलीय, म्हणजे आई खचलेली असणार, असा माझा हिशेब. आईने, इथे सगळे तिला मिस व्हर्डेल म्हणतात, त्यांनी दारातच माझे बूट काढायला लावले आणि पीचचा केक वाढला. मग ऑर्लनपुराण सुरू. नवव्या महिन्यात चालला, कधी आजारी पडला नाही, आईला कधी उलट बोलला नाही. मी विचारलं, दहाव्या वर्षीही बुटाची नाडी बांधता येत नव्हती असं शाळेच्या कागदात आहे, त्याचं काय? तर म्हणाल्या, त्याला नाडीचे बूट आवडत नसत.

हेच सगळं त्यांनी खटल्यात शपथेवर सांगितलं होतं. सरकारी वकिलाने म्हणे उठून आभार मानले. इतकं चांगलं घर, असा ठणठणीत मुलगा, तरी दुकानदाराला गोळी घातली! ज्यूरीला दुपारचं जेवणही गार होऊ द्यावं लागलं नाही.

मी म्हटलं, बाई, खरं सांगितलं तर तो वाचेल, का नाही सांगत? तर जवळ सरकून हळूच म्हणाल्या, कामातून गेलेलं जनावर कोण पोसतं रे बाळा? तो अर्धवट आहे म्हटलं तर उद्याच मारतील.

आणि हो, तुरुंगाच्या डॉक्टरने ऑर्लनचं लोणी बंद केलंय. हृदयाला बरं नाही म्हणे. बारा नोव्हेंबरला हेच सरकार ते हृदय बंद पाडणार आहे, पण तोवर त्याला काही होता कामा नये.

राग निवळला की लोभ करावा.

तुझा,
वेस

ह्यूस्टन
१७ सप्टेंबर १९९८

चि. वेस यास,

आयडामावशीचे अ. उ. आ. त्यातले निम्मे राखून ठेवलेत, सही आणलीस की मिळतील.

तुला मासे तळायला पाठवलं नव्हतं. नीट ऐक. मी या वकिलांच्या कचेरीत येण्याआधी सहा वकिलांनी ऑर्लनच्या जन्माचे कागद मागवले. एकच पान आलं, त्यावर ‘मुलगा, प्रकृती उत्तम’. सहाही जण गप्प बसले. सहातल्या एकानेही बाळंतपण पाहिलेलं नाही, त्यांना काय कळणार की बाळंतपण बाळाच्या फाइलीत नसतं, आईच्या फाइलीत असतं! ती फाइल आईच्या सहीशिवाय मिळत नाही.

त्या एका पानावर दोन तारखा आहेत. जन्म तीन मार्च सहासष्ट, घरी पाठवलं चौदा मार्चला. त्या काळी चौथ्या दिवशी घरी धाडायचे. प्रकृती उत्तम असलेलं बाळ अकरा दिवस दवाखान्यात काय करत होतं, पेपर वाचत होतं?

आता जे लिहिते ते मी तुझ्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. तेव्हा आम्ही बायकांना गुंगी देऊन झोपवायचो. बाळ डॉक्टरच्याच हातात यायला हवं, असा नियम. डॉक्टर घरून येईपर्यंत आम्ही नर्सा त्या बाईचे गुडघे एकमेकांवर दाबून धरायचो. मीसुद्धा धरलेत, दोनदा. एकदा साहेब दाढी करत होते. बाळ आत अडकून निळं पडायचं. मग साहेब येऊन लिहायचे, ‘प्रसूती सुखरूप’. पण नर्स वेळा लिहायची. निरोप कधी गेला, साहेब कधी आले. मला त्या दोन वेळा हव्यात. जन्मताच त्याच्या मेंदूला इजा झाली, म्हणून शिक्षा थांबवा, असा अर्ज एक ऑक्टोबरच्या आत गेला पाहिजे, नंतर कोर्ट दारही उघडणार नाही.

मिस व्हर्डेलना हे जसंच्या तसं सांग. त्या बहुतेक स्वतःलाच दोष देत असतील. आया देतात.

केक कमी खा, माया आहेच.

तुझी,
आयडामावशी

बेकर्स फोर्ड
२२ सप्टेंबर १९९८

ती. मावशीस,

सा. न. वि. वि., मी सगळं बिघडवून ठेवलं.

सांगितलं, जसंच्या तसं. मधे थोडा भरकटलो, तुझ्या त्या दाढी करत बसलेल्या साहेबांना चार शिव्या घातल्या. तेवढ्यात बाईंनी माझ्यासमोरची बशी उचलली, घास तोंडात असताना. ती विसळून ठेवली आणि म्हणाल्या, ऑर्लन पोटात होता त्या थंडीत मी दारू प्यायचे. नवरा गेला होता, घरात कोणी नव्हतं. म्हणून पोर असं झालं, हे मी बत्तीस वर्षं जाणते, आणि हा कोण कुठला येऊन सांगतो की माझे गुडघे कुणी धरले होते! कोण होती ती, नाव सांग. मी म्हटलं, नाव फाइलीत असेल, सही करा. त्यांनी कागद माझ्या अंगावर नाही टाकला, एवढंच. दार मात्र लावून घेतलं. त्यालाही आता तीन दिवस झाले. रोज जातो, पडदा हलतो, दार उघडत नाही.

मावशी, मला हे काम जमत नाही. तू दुसरं कोणी पाठव. ऑर्लनपाशी माझ्या भटकण्याला पुरतील इतके दिवस उरलेले नाहीत. मी उद्या निघतो.

नालायक असलो तरी आपला म्हणावा.

तुझा,
वेस

ता. क. पाकीट अजून चिकटवलं नाही, कारण खोलीच्या दाराशी मिस व्हर्डेल उभ्या आहेत. डोक्यावर रविवारची टोपी, हातात तो कागद, सही केलेला. आणि त्यांचा हात धरून आणखी एक म्हातारी आलीय, ल्युटी हॅम नावाची. बत्तीस वर्षं चर्चमध्ये दोघी शेजारी उभ्या राहून गातात. ल्युटीबाई पूर्वी त्या दवाखान्यात नर्स होत्या म्हणे. मिस व्हर्डेल तिच्याकडे बघत नाहीयेत, पण तिचा हातही सोडत नाहीयेत. ल्युटीबाई म्हणतात, हिचे गुडघे धरणारी मी होते. आणि हे सगळं शपथेवर कुठे बसून लिहू, असं विचारताहेत.